ड्रिल कापेनासं झालं की हात दाबायला लागतो

पत्र:

मॅडम, नमस्कार. गेल्या दीड वर्षात मी स्वतंत्रपणे दातांचे 40 इम्प्लांट (दाताच्या मुळाच्या जागी हाडात बसवायचे टायटॅनियमचे स्क्रू) बसवले. वरच्या जबड्यातले सगळे टिकले. खालच्या जबड्यातले तीन मात्र कॅप बसवायच्या आधीच, चौथ्या ते सहाव्या आठवड्यात, गेले. पू नाही, सूज नाही, दुखणं नाही. हीलिंग अबटमेंट (हिरडी भरेपर्यंत इम्प्लांटवर लावलेलं तात्पुरतं झाकण) काढायला गेलो तर इम्प्लांटच सोबत गोल फिरला. तिन्ही ठिकाणी हाड एकदम टणक होतं आणि बसवताना टॉर्क (पिळायला लागणारा जोर) 50 न्यूटन-सेंटिमीटरच्या वर गेला होता. हे तर कधीच जाणार नाहीत, असंच मला वाटलं होतं. ड्रिलचं किट पहिल्या दिवसापासून एकच आहे. माझे सीनियर म्हणतात, आरपीएम (ड्रिलचे मिनिटाला फेरे) वाढव. विक्रेता म्हणतो, नवं किट आणि गाइडची (ड्रिलला दिशा देणाऱ्या साच्याची) सिस्टिम घ्या. मित्र म्हणतो, पाणी बंद कर आणि 50 आरपीएमवर चालव. कोणाचं ऐकू? आणखी एक. तिसऱ्या पेशंटला मी 'तुमच्या शरीराने इम्प्लांट स्वीकारला नाही' असं सांगून मोकळा झालो. ते खरं होतं का, हे आता मलाच कळत नाही.

उत्तर:

डॉक्टर, नमस्कार.

बहुतेक पत्रांत तक्रार उलटी असते. वरच्या जबड्याच्या मागच्या भागातलं हाड भुसभुशीत, तिथे इम्प्लांट धरत नाही, काय करू? तुमच्याकडे भुसभुशीत हाडात सगळं ठीक आणि दगडासारख्या हाडात तीन गेले. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे, आणि तुम्ही ती जाता जाता लिहून टाकली आहे.

नुसत्या पत्रावरून मी निदान करणार नाही. ते तिघे सिगरेट ओढतात का, साखर किती आहे, वरून घातलेली तात्पुरती कवळी त्या जागेवर दाबत होती का, हे तुम्ही तपासलंच पाहिजे. पण पू नाही, दुखणं नाही, चार-सहा आठवड्यांत इम्प्लांट गोल फिरतो, आणि तोही फक्त टणक हाडात: हे वर्णन वाचताना माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र आलं. भोक पाडतानाच हाड भाजलं. मेलेल्या हाडाच्या जागी पुढे नवं हाड न येता तंतुमय पेशीजाल आलं, आणि इम्प्लांट त्या मऊ पिशवीत सैल राहिला.

एरिक्सन आणि अल्ब्रेक्टसन या स्वीडिश संशोधकांनी 1983 साली सशाच्या जिवंत हाडावर सूक्ष्मदर्शक लावून पाहिलं होतं. हाड 47 अंश सेल्सिअसला एक मिनिट तापलं तरी तिथे पुढे नवं हाड नीट भरेना. शरीराचं तापमान 37. म्हणजे आपल्या हातात दहा अंश आहेत, बस. कडक अंघोळीचं पाणीही यापेक्षा फार थंड नसतं! आणि हे दहा अंश ओलांडले गेले तर कुणालाच कळत नाही. पेशंटला भूल दिलेली, धूर निघत नाही, वास येतोच असं नाही. हाड ओरडत नाही. दीड महिन्याने नुसतं हात वर करतं.

टणक हाडातच हे का घडतं? एक तर कापायला जोर जास्त लागतो, म्हणून घर्षण जास्त. दुसरं म्हणजे दाट, कवचासारख्या हाडात रक्तपुरवठा तुटपुंजा, त्यामुळे उष्णता वाहून न्यायला कुणी नाही आणि इजा भरून काढायलाही कुणी नाही. लेकहोम आणि झार्ब यांनी 1985 मध्ये हाडाचे जे चार प्रकार पाडले, त्यांतला पहिला, सगळ्यात दाट प्रकार आपल्याला एक्स-रेवर फार देखणा वाटतो. मला त्याची भीती वाटते. चौथ्या प्रकारचं हाड निदान हाताला सांगतं की मी कमकुवत आहे, जपून.

आता त्या 50 टॉर्कबद्दल, कारण तुमचा घात त्या आकड्यानेच केला. टॉर्क म्हणजे त्या दिवशी आटे हाडाला किती घट्ट बसले, एवढंच. हाड जिवंत आहे की नाही, हे तो सांगत नाही. वाळक्या लाकडात स्क्रू ओल्या लाकडापेक्षा घट्टच बसतो. सुरुवातीची ही पकड पुढे हळूहळू सुटते, कारण शरीर आट्यांलगतचं हाड झिजवून त्या जागी नवं भरत असतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमाराला जुनी पकड बरीच ओसरलेली असते आणि नवी पुरती आलेली नसते. ज्याच्या भोवती नवं हाड येणारच नव्हतं, तो त्या खिंडीत पडतो. तुमचे तिन्ही त्याच सुमाराला पडले.

चला, किटकडे. जरा कागद घ्या आणि हिशोब मांडा. 40 इम्प्लांट म्हणजे 2 मिलिमीटरचं पायलट, म्हणजे सुरुवातीचं बारीक ड्रिल किमान 40 वेळा हाडात गेलं. त्याच्या पुढचं त्याहून थोडं कमी. शेवटचं, सगळ्यात जाड ड्रिल कदाचित पाच-सात वेळाच. ते अजून नव्यासारखं दिसत असेल आणि किट उघडल्यावर नजर त्याच्यावरच जात असेल. पण सगळ्यात जास्त राबतं ते सगळ्यात बारीक. न फोडलेल्या टणक कवचात पहिल्यांदा घुसायचं काम त्याचं. पुढच्या ड्रिल्सनी फक्त भोकाच्या कडा खरवडायच्या असतात. शिवाय प्रत्येक वेळी ऑटोक्लेव्हची वाफ, धुताना एकमेकांवर आपटणं, हे वेगळंच. म्हणून वापर मोजायचा तो किटचा नाही, एकेका ड्रिलचा. तुमच्या कंपनीच्या पुस्तिकेत किती वापरांनंतर बदलायचं ते दिलेलं असतं, आणि तो आकडाही सर्वसाधारण हाडासाठी असतो. टणक हाडातला एक वापर मी स्वतः दोन धरते. याला शास्त्रीय आधार विचारू नका. माझी ती सवय आहे.

बोथट झालंय हे ओळखायचं कसं? लूप (डोळ्यांवरचं भिंग) घाला, ड्रिल दिव्याखाली धरा आणि कापणारी कड सरळ डोळ्यांकडे फिरवा. खरी धार इतकी बारीक असते की तिच्यावरून उजेड परतत नाही, ती दिसतच नाही. कडेवर पांढरी चकाकती रेघ दिसली, तर ती धार नव्हे, झिजून सपाट झालेली पट्टी. एवढी सोपी तपासणी कुठल्याही जुन्या सुताराला ठाऊक असते. आपल्याला कॉलेजात कुणी शिकवली नाही. दुसरी खूण ड्रिलच्या खाचांत अडकून येणाऱ्या कणांची. धारदार ड्रिल ओलसर, पांढरट-गुलाबी कीस आणतं. बोथट ड्रिल पिठासारखी भुकटी काढतं, आणि ती तपकिरी असेल तर तिथेच थांबा. तिसरी खूण तुमच्या मनगटात आहे. चांगलं ड्रिल हाडात स्वतः उतरतं, तुम्ही फक्त दिशा धरायची. ते कापेनासं झालं की हात दाबायला लागतो, आणि गंमत अशी की हे दाबणं इतकं हळूहळू वाढतं की करणाऱ्याला कळत नाही. दीड वर्षापूर्वी तुम्ही किती जोर लावत होता, हे तुम्हाला आज आठवणार नाही. तुमच्या असिस्टंटला विचारा, तिला आठवेल.

(ड्रिलला बाहेरून धार लावून आणायचा विचार मनात आला असेल, तर सोडून द्या. व्यास बदलतो, टोकाचा कोन बदलतो, आणि मग त्याच कंपनीचा इम्प्लांट त्या भोकात कसा बसेल याचा भरवसा राहत नाही. गिरमिटाला धार लावावी, ड्रिल टाकून द्यावं.)

तुमच्या तीन सल्लागारांपैकी सीनियरांचं आधी. वेग वाढवला की उष्णता वाढते असं सरसकट नाही, आणि वेग वाढवला की प्रश्न सुटतो असंही नाही. मॅथ्यूज आणि हिर्श यांनी 1972 मध्ये माणसाच्या दाट हाडात ड्रिल चालवून तापमान मोजलं, तेव्हा वेगापेक्षा दाबाचा परिणाम जास्त दिसला. म्हणून आरपीएमच्या बटणाकडे बघण्याआधी स्वतःच्या खांद्याकडे बघा. वेग पुस्तिकेत दिला असेल तोच ठेवा. बहुतेक सिस्टिम्समध्ये पायलटसाठी तो 800 ते 1500 च्या घरात असतो आणि जाड ड्रिलला कमी करायचा असतो, कारण जाड ड्रिलची कड त्याच आरपीएमला जास्त जोरात धावते. फिजिओडिस्पेन्सरवर (ड्रिल आणि पाणी चालवणाऱ्या मशीनवर) 20:1 चा, म्हणजे मोटरचा वेग वीसपट कमी करणारा हँडपीस निवडलाय आणि हातात खरोखर तोच आहे ना, हेही एकदा पाहा. पडद्यावरचा आकडा त्या निवडीवरच अवलंबून असतो.

तुमचा मित्र जे सांगतो, ती पद्धत खरी आहे, थट्टा नाही. 50 च्या आसपासच्या वेगाने, पाण्याशिवाय भोक मोठं करायचं. खाचांत जमलेला हाडाचा कीस वाहून जात नाही, तो हाड कमी असेल तिथे भरायला वापरता येतो. पण सुरुवातीचं ड्रिल तिथेही जास्त वेगाने आणि पाण्यासकट चालवतात, आणि सगळी मदार असते धारेवर. तुमचं आत्ताचं किट घेऊन टणक हाडात पाणी बंद केलंत, तर आगीतून उठून फुफाट्यात पडाल. ती पद्धत नवी ड्रिल्स घेऊन, आधी मऊ हाडात, आणि जमलं तर ती रोज करणाऱ्या कुणाच्या शेजारी उभं राहून शिका.

विक्रेत्याचं अर्धं खरं आहे. ड्रिल्स नवी हवीत, किट नको. पायलट आणि त्याच्या पुढची एक-दोन सुटी मिळतात, तेवढी घ्या. गाइडचा फायदा दिशेसाठी आहे, उष्णतेसाठी नाही; उलट गाइडचं प्लास्टिक आणि त्यातली नळी हाडाच्या तोंडावर बसते आणि बाहेरून येणारं पाणी तिथेच अडवते. नळीच्या कडेला ड्रिल घासलं तर त्याची उष्णता वेगळी. गाइड वापरायचं तर पाण्याला वाट कुठून आहे हे आधी बघायचं आणि दर थोड्या वेळाने ड्रिल पूर्ण बाहेर काढून भोक धुवायचं. शिवाय त्याची ड्रिल्स लांब असतात. मागच्या दाढांच्या जागी पेशंटचं तोंड तेवढं उघडेल का, हे बुकिंग करण्याआधी पाहावं लागतं.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर माझी एक गोष्ट सांगते. सुरुवातीच्या वर्षांत खालच्या जबड्यात पुढे दोन इम्प्लांट बसवत होते. मशीनवर पाण्याची खूण सुरू, पंप फिरतोय, आवाजही नेहमीचा. दुसऱ्या भोकाच्या मध्यावर असिस्टंट म्हणाली, 'मॅडम, सक्शनमध्ये काही येत नाहीये.' सलाईनची नळी माझ्याच स्टुलाच्या चाकाखाली दबली होती. पहिला इम्प्लांट टिकला, दुसरा पाचव्या आठवड्यात माझ्या हातात आला. तेव्हापासून ड्रिल तोंडात नेण्याआधी मी ते बाहेर, हवेत चालवते आणि पाण्याची धार टोकापर्यंत पोचते की नाही ते डोळ्यांनी बघते. मशीनवरच्या खुणेवर विश्वास ठेवत नाही.

आणि धार पोचली तरी ती कुठे पोचते, हे लक्षात घ्या. बाहेरून मारलेलं सलाईन भोकाच्या तोंडाशी पडतं. ड्रिल 10-12 मिलिमीटर आत असतं तेव्हा टोकाशी पाणी जवळजवळ नसतंच, आणि सगळ्यात जास्त गरज तिथेच असते. म्हणून ड्रिल आत-बाहेर करत चालवायचं: दोन-तीन सेकंद कापलं, फिरतं ठेवूनच वर काढलं, खाचा धुतल्या गेल्या, पुन्हा आत. खाचा किसाने भरल्या की पाणीही आत जात नाही आणि कापणंही थांबतं. उरतं ते नुसतं घासणं. तुम्ही एका दमात पूर्ण खोली गाठत असाल, तर नवं ड्रिलही तुम्हाला वाचवणार नाही. ज्या ड्रिलमध्ये आतून पाणी येतं, त्याचं बारीक छिद्र किसाने आणि सुकलेल्या रक्ताने बुजतं. धुताना त्यात तार घालावी लागते. सलाईन थंड करून वापरलं तर थोडी मदत होते, पण चांगल्या हाताची जागा ते घेत नाही.

एक प्रश्न मलाच तुम्हाला विचारायचा आहे. वरच्या जबड्यात पकड मिळावी म्हणून शेवटचं ड्रिल टाळायची पद्धत असते. तीच सवय खालीही उतरली आहे का? टणक हाडात भोक अरुंद ठेवून इम्प्लांट रेटला की टॉर्क झकास येतो, आणि आट्यांलगतचं हाड दाबाखाली चेंगरतं. तापलेलं, त्यात चेंगरलेलं. दुष्काळात तेरावा महिना. बहुतेक किट्समध्ये दाट हाडासाठीचं वेगळं ड्रिल किंवा आटे पाडायचा टॅप असतो आणि तो बऱ्याच दवाखान्यांत पेटीतल्या जागेवरून हललेला नसतो. तो काढा, कमी वेगाने वापरा. आणि बसवताना टॉर्क कंपनीच्या मर्यादेला टेकला तर रेटू नका. इम्प्लांट उलटा फिरवून काढा, भोक मोठं करा, मग परत बसवा. त्यात कमीपणा नाही.

नवं पायलट आल्यावर एक धोका मात्र वाढणार आहे, तो आधीच सांगते. तुमच्या हाताला आता दाबायची सवय लागली आहे. धारदार ड्रिल त्या जोराने चालवलंत तर ते लोण्यात गेल्यासारखं जाईल, आणि खालच्या जबड्यात खाली नस आहे. त्यात बऱ्याच ड्रिल्सचं निमुळतं टोक खोलीच्या खुणेत धरलेलं नसतं. 10 च्या रेषेवर थांबलात तरी टोक त्याच्या पुढे असतं. किती पुढे, हे प्रत्येक व्यासाला वेगळं आणि पुस्तिकेत लिहिलेलं असतं. नसेपासूनचं 2 मिलिमीटरचं सुरक्षित अंतर मोजताना हे टोक आधी वजा करा. पहिले काही दिवस स्टॉपर (ठरल्या खोलीला ड्रिल अडवणारी कडी) लावूनच काम करा. पायलट अर्ध्या खोलीपर्यंत नेल्यावर पिन घालून एक्स-रे घ्या, तुम्हाला कितीही खात्री असली तरी.

ड्रिल्सच्या निगेबद्दल फार लिहीत नाही, कारण ते काम तुम्ही नाही, तुमची असिस्टंट करते. तिला बसवून नीट समजावून सांगा. रक्त वाळू द्यायचं नाही. सलाईनमध्ये बुडवून ठेवायचं नाही, मिठाने पोलादाला खड्डे पडतात. हायपोक्लोराइट तर अजिबात नको. अल्ट्रासॉनिक सफाई यंत्रात ड्रिल्स सुटी, एकमेकांना न टेकता. शेवटी डिस्टिल्ड पाण्याने धुवून, पूर्ण कोरडी करून मगच ऑटोक्लेव्हला. आणि पेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवा: प्रत्येक ड्रिलचं नाव, पुढे वापराच्या रेघा.

आता तिसऱ्या पेशंटबद्दल. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं ते याच वाक्यासाठी.

'शरीराने स्वीकारलं नाही' हे वाक्य आपल्या धंद्यात सर्रास वापरलं जातं, आणि ते सोयीचं आहे, कारण त्यात डॉक्टर कुठेच नसतो. टायटॅनियम शरीराला परकं वाटून नाकारलं जाणं फार दुर्मीळ. ब्रोनेमार्क यांना 1950 च्या दशकात सशाच्या हाडातून टायटॅनियमचा कोष काढता येईना, हाड त्याला इतकं चिकटलं होतं. आपला सगळा व्यवसाय त्या चिकटण्यावर उभा आहे. तेव्हा त्या माणसाच्या मनात आता काय बसलं असेल, विचार करा. आपल्या शरीरातच खोट आहे, इम्प्लांट आपल्याला चालतच नाही. तो पुन्हा कधी कुणाकडे जाणार नाही, आणि कदाचित इतर कुठल्या शस्त्रक्रियेच्या वेळीही हेच सांगेल.

त्याला फोन करून बोलवा. खुर्चीवर न बसवता, समोरासमोर बसून सांगा की मी तेव्हा जे बोललो ते घाईत बोललो. हाड आणि इम्प्लांट जुळले नाहीत हे खरं, पण त्यामागे भोक पाडताना हाड तापलं हे कारण असण्याची दाट शक्यता मला आता वाटते, ते माझ्या बाजूचं आहे, आणि मी ते दुरुस्त करतो आहे. तो चिडेल कदाचित. चिडू द्या. पुन्हा बसवायचा असेल तर त्याच दिवशी जाड इम्प्लांट ठोकून मोकळं होण्याचा मोह टाळा. तंतुमय पेशीजाल पूर्ण खरवडून काढा, हाड भरायला काही महिने द्या, नवा स्कॅन काढा. बाकीच्या दोघांनाही हेच सांगा. त्यांनी काही विचारलं नसलं तरी.

आणि या सगळ्याआधी, आज संध्याकाळी, शेवटचा पेशंट गेला की ते पायलट ड्रिल लूपखाली धरा. कडेवर पांढरी रेघ दिसली तर ते पेटीत परत ठेवू नका. मला मात्र एका ओळीत कळवा, दिसली की नाही.